चुन्याची ऊब

मळ्यातनं, कवठे महांकाळ
२० डिसेंबर १९९६

पल्लवे,

हे पत्र मी माझ्या हातानं लिवलंय, कुनाकडनं लिवून घेतलेलं न्हाई, हे आदी ध्यानात घे. साक्षरता वर्गाच्या बाईनं मला पेन बक्षीस दिलंय. ते वाळून जाऊ नये म्हनून तरी लिवावं लागतं. मागच्या बुधवारी तुझं कार्ड आलं ते मी अंगनात उभी ऱ्हाऊन मोठ्यानं वाचलं. तुझा आज्जा म्हनला, "एवढं वरडू नको, मेंढरं बुजत्यात." मी म्हनलं, बुजू द्या. वर्सभर पाटी गिरवली ती काय गुमान वाचायला?

आता बातमी. तुझी भोरी मेली. काल व्याली आनि गेली. मेंढरू हाय, जगतं आनि मरतं, त्यात रडायचं काय न्हाई. पर तुला ठाव हाय, आपल्यात लेकीच्या बारशाला तिच्या नावानं मेंढी सोडत्यात, तिचं जे वाढंल ते लेकीचं. तुझ्या नावाची चांगली अकरा झालती. दोन सालामागं रोग आला त्यात धा गेली, एकटी भोरी ऱ्हायली. आता ती बी गेली. मागं एक मादी कोकरू ठिवून गेली.

कोकरू दिवस भरायच्या आदीच आलंय. मांजराएवढं हाय. गारठलं की त्याला चोखायचं उमगत न्हाई. तोंडात बोट घातलं तर आतनं बी गार लागतं. पदराखाली घ्येतलं की घटकाभरानं ऊब येती, मग बाटलीनं शेळीचं दूध पितं. खाली ठिवलं की परत गार. मी दिसभर त्याला घिऊन बसले तर भाकरी कोन थापनार? शेकोटी आज्जा करू देत न्हाई. गेल्या साली ठिनगी उडून कडब्याची गंजी जळाली, तवापासनं मेंढरांजवळ काडी वडायची न्हाई असा हुकूम हाय. दिव्याखाली ठिवावं तर लाईट कवा येती आनि कवा जाती ते देवाला ठाव.

कोकरू तुझं हाय म्हनून कळवलं. जगलं तर तुझी मेंढरं परत वाढतील. न्हाई जगलं तर तुझ्या नावाचं कळपात काय उरत न्हाई.

टपालाला चार दिस लागत्यात म्हनून पत्र आकारामकडं दिलंय. आपल्या वाडीचाच, सांगलीच्या गाडीवर कंडक्टर हाय. तुझ्या बापाला सांग, कुपवाडच्या वर्कशॉपातनं सुटला की स्टँडवर गाठ घ्यायची.

आज्जी


सांगली
२१ डिसेंबर १९९६

ती. आज्जीस पल्लवीचा पाया पडून नमस्कार.

पप्पांनी पत्र आणलं. मी रडले नाही. थोडीच रडले.

आज्जी, आमच्या सातवीला भार्गवी बाई विज्ञान शिकवतात. ११ जानेवारीला प्रदर्शन आहे आणि बाईंनी आम्हाला एकच अट घातली आहे: जाळ नाही, वीज नाही, तरीही ऊब देणारी वस्तू बनवायची. सगळ्या मुली स्वेटर आणि थर्मास घेऊन आल्या. बाई म्हणाल्या, "ही ऊब धरून ठेवणारी झाली. तयार करणारी कुठाय?"

मी कळीचा चुना घेतला. त्यावर पाणी टाकलं की दोन्ही मिळून तिसराच पदार्थ होतो, विरलेला चुना, आणि होताना उष्णता बाहेर पडते. वर्गात करून पाहिलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही, सगळ्या हसायला लागल्या. मग एकदम तडतडलं, खडे फुटले, फुगले, वाफ आली. तापमापी ८५ वर गेली! जाळ कुठेच नाही.

कोकरासाठी असं कर. जाड फडक्याची पिशवी शिव. तीत दोन वाट्या चुन्याचे खडे घाल. वरून थोडं थोडं पाणी शिंपड, तोंड लांब ठेव. तापली की गोणपाटात गुंडाळ आणि वर कोकरू ठेव. चुना ताजा आण. रंग देऊन उरलेला, पीठ झालेला नको. तो हवेतलं पाणी पिऊन आधीच विरलेला असतो.

काय झालं ते लगेच लिही. मला फलकावर लिहायचं आहे. आणि कोकरू मरू देऊ नकोस.

तुझी पल्लवी


मळ्यातनं
२४ डिसेंबर १९९६

पल्लवे,

बाजारातनं ताजा चुना आनला. पिशवी शिवली. पानी शिंपडलं, चुना तापला, तू सांगितल्यावानी तडतडला. कोकरू ऊबलं, दूध प्यालं. सगळं ब्येस हाय.

बाकी इकडं सगळी खुशाल हायत. शेजारच्या नाथाजीच्या लेकीचं लगीन ठरलं. पोरगा मिलिटरीत हाय, रंगानं तुझ्या बापावर गेलाय पर नाक बरं हाय. जेवनाला बुंदी करायची का शिरा यावरनं दोन घरात भांडान झालं. मी म्हनलं दोन्ही करा, तर माझ्यावरच उलटली. ज्वारी बरी हाय. पाखरं लय आल्यात. तुझ्या आज्जानं बुजगावन्याला माझं जुनं लुगडं नेसवलं. रस्त्यानं जानारी मानसं त्याला हाक मारत्यात, "बयाबाई, बरं हाय का!"

एक इचारायचं व्हतं. चुना अंगाला लागून चरचरलं तर काय लावत्यात? हाताला म्हन. असंच इचारलं.

आज्जी


सांगली
२५ डिसेंबर १९९६

ती. आज्जीस नमस्कार.

तुझा हात भाजला का? खरं सांग. मी पत्र वाचल्यावाचल्या बाईंच्या घरी पळत गेले. नाताळची सुट्टी होती, बाई केस वाळवत होत्या. त्यांनी सांगितलंय: कोरडा चुना लागला असेल तर आधी झटकायचा, मग खूप वेळ वाहतं पाणी घालायचं. थोडं नाही, खूप. थोड्या पाण्यानं तो आणखी तापतो. डोळ्यात गेला तर पाणी घालत घालत डॉक्टरकडे. हळद, तेल काही लावायचं नाही. आणि त्या मला रागावल्या. "आज्जींना हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालायला का नाही सांगितलंस?" चुकलं माझं.

पण कोकरू वाचलं! फलकावर मी लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "प्रयोग यशस्वी". खाली कोकराचं चित्र काढलंय. पप्पा म्हणाले, हा कुत्रा का? आता कान मोठे केलेत.

हाताचं कळव.

तुझी पल्लवी


मळ्यातनं
२७ डिसेंबर १९९६

पल्लवे,

माझा हात धडधाकट हाय. आता नीट बस आनि वाच.

भाजलं ते कोकरू.

तू सांगितल्यावानीच सगळं केलतं. पिशवी तापली, गुंडाळली, वर कोकरू ठिवलं. दूध पिऊन झोपलं. मी श्यान काढाय गेले. परत येते तर ते वरडतंय, आनि त्याच्या खालनं वाफ निघतीया. काय झालतं सांगू? तू पानी थोडं थोडं शिंपड म्हनलीस, म्हनून निम्मा चुना आत कोरडाच ऱ्हायलता. आनि दूध पिलेलं कोकरू मुततं. थेट पिशवीत मुतलं. मग त्या कोरड्या चुन्याला पानी घावलं की गं! पोटाखालची चार बोटं लोकर गेली, कातडं लाल झालं.

मी घागर उपडी केली त्याच्यावर, मग दुसरी. चुन्याला लय पानी लागतं हे मला ठाव व्हतं. आमी लहानपनी भट्टीवर चुना वाहिलाय. पर पान्यानं ते आनखी गारठलं. दिसभर पोटाशी धरून बसले. भाकरी तुझ्या आज्जानं केली. तिला भाकरी म्हनायचं का ते तू इचारू नको.

आज्जा म्हनतोय, "त्यो चुना टाक उकिरड्यावर. साळंतल्या पोरीचं ऐकून मेंढरं राखायची व्हय?" त्याचं निम्मं खरं हाय. तू मेंढरात वाढली असतीस तर मुताचं तुला सांगावं लागलं नसतं. पर मी तर वाढलेय न्हवं? मला बी सुचलं न्हाई. तवा चूक दोघींची.

तुला सांगनार नव्हते. परदर्शन हुईस्तवर गप ऱ्हायचं ठरवलतं. पर तू लाल पेनानं लिवलंस म्हनून सांगते. खोटं हाय ते, पूस.

आता माझं ऐक. मी दोन दिस इचार केला. एक, चुना कोकराखाली नकोच, डब्यात पायजे. दोन, डबा वाळूत पायजे. आपन शेंगा भाजतो ती वाळू चूल इझल्यावर बी जेवनं हुईस्तवर हातात धरवत न्हाई. चुना लगी तापतो आनि लगी निवतो. वाळू सावकाश तापंल, सावकाश निवंल. तीन, कोकरू बसंल ती जागा उतरती पायजे, कामट्यांची, म्हंजे मूत एकीकडनं भाईर जाईल. डब्याकडं थेंब न्हाई.

हे होतंय का बघ. कोकरू जिवंत हाय, पर आज एकदाच प्यालं.

आज्जी


सांगली
२९ डिसेंबर १९९६

ती. आज्जीस,

मी पुसलं. लाल शाई पुसत नाही, म्हणून वर पांढरा कागद चिकटवला.

काल मी जेवले नाही. मी पिशवीचा प्रयोग दगडावर केला होता, बाटलीवर केला होता, आमच्या उशीवर केला होता. पप्पा म्हणाले, "बाटली मुतत नाही." मग आई हसली, मग मी पण हसले, पण नंतर पुन्हा रडू आलं. बाईंना सांगितलं, मी प्रदर्शनात भाग घेत नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "कोकरू अजून गार पडतंय का?" मी म्हटलं, हो. "मग तुझं काम संपलं कसं?"

तुझी वाळूची गोष्ट बाईंना फार आवडली. त्या म्हणाल्या, आज्जींना आणायला पाहिजे वर्गावर.

पप्पांनी वर्कशॉपमधून तेलाचा मोठा डबा आणलाय, आत डालड्याचा लहान डबा बसतो. मधे वाळू. लहान डब्याच्या झाकणाला पप्पांनी पाच भोकं पाडलीत, वाफ जायला. झाकण कधीही घट्ट दाबायचं नाही. मी शाळेत दोनदा करून पाहिलं. दोन वाट्या चुना: बाहेरून डबा ६८ अंश, म्हणजे पुन्हा भाजणार. एक वाटी: ४६ वर गेला आणि तीन तास चाळिसाच्या खाली आला नाही! पाणी एकदम नाही, तीन वेळा, पण सगळा चुना भिजला पाहिजे, कोरडा खडा राहता कामा नये. ते शेवटी काडीनं ढवळून बघायचं.

शाळेची तापमापी बाहेर देत नाहीत. म्हणून मी ४५ चं पाणी करून त्यात कोपर घातलं. दहा आकडे मोजेपर्यंत सोसतं, मग काढावंसं वाटतं. तू डब्याला बाहेरून कोपर लाव. दहाच्या आत काढावंसं वाटलं तर जास्त गरम.

डबा आकारामकाकांबरोबर पाठवलाय. ते म्हणाले, अर्धं तिकीट लागेल. पप्पा म्हणाले, याच्यापेक्षा तुमच्या गाडीचा पत्रा जुना.

तुझी पल्लवी


मळ्यातनं
५ जानेवारी १९९७

पल्लवे,

डबा पोचला. मी कोंबड्या झाकायचं डालगं उताणं ठिवलं, त्यात एका अंगाला डबा उभा केला, मधे फळी, आनि दुसऱ्या अंगाला कामट्यांची उतरती माची. कोकरू माचीवर, डबा फळीपल्याड. वर घोंगडं. तुझा आज्जा लांबनं बघत व्हता. कामट्या बांधताना माझी गाठ सुटाय लागली तवा आला, नीट गाठ मारून गेला.

पयल्या दिवशी कोपर लावलं. वीस मोजलं, पन्नास मोजलं, मला काय बी लागंना. म्हनलं गारच हाय, म्हनून आनखी अर्धी वाटी चुना वाढवला. थोड्या येळानं बघते तर कोकरू तोंड उघडं टाकून धापा टाकतंय! लगी डबा भाईर वडला. मग उमगलं. अगं, तुझं कोपर बारा वर्साचं कवळं. माझं साठ साल उन्हात आनि चुलीपशी राबलेलं. त्याला काय लागनार कपाळ? त्या दिसापासनं मी गालानं बघती. तुझे धा आकडे गालाला बरोबर बसत्यात. हे बी लिव तुझ्या फळ्यावर. मापाचं हत्यार कुनाचं हाय ते आदी बघावं म्हनावं.

आता सकाळी आकारामची गाडी गेली की चुना भिजवती, तो दुपारच्या साळंच्या घंटंपर्यंत पुरतो. मग दुसरा डाव. संध्याकाळी तिसरा, आनि झोपायच्या आदी चौथा. इझलेला चुना वाया न्हाई. मी घराला फासती. पुढची भिंत झाली, मागची झाली, गोठा झाला. नाथाजी म्हनतो, "बयाबाई, लगीन आमच्यात आनि रंग तुमच्यात?"

कोकराचं खरं खरं सांगती, आता लपवत न्हाई. पोटावर खपली धरली. चार दिस चांगलं प्यालं. परवा परत मान टाकली. ऊब हाय, दूध हाय, तरी पीत न्हाई. काल दोन घोट घ्येतलं. तुझा आज्जा म्हनला, "ऊब डब्यातनं देता येती, जीव न्हाई." मी म्हनलं, बरं. चुना भिजवला.

परदर्शनात जा. भाजलं ते बी लिव आनि का भाजलं ते बी लिव. मोठ्या अक्षरात.

आज्जी


सांगली
१२ जानेवारी १९९७

ती. आज्जीस,

पाच तारखेनंतर तुझं पत्र नाही. पप्पा चार वेळा स्टँडवर जाऊन आले. आकारामकाका दिसत नाहीत, गाडीवर दुसरेच कंडक्टर आहेत. काल मी पप्पांना म्हटलं, आज्जी आता वाईट बातमी लपवत नाही, म्हणजे तिला लिहवत नसेल.

प्रदर्शन झालं. माझ्या फलकाचे चार भाग केले: पिशवी आणि का भाजलं, डबा आणि वाळू, कोपर आणि गाल, आणि चौथा भाग रिकामा ठेवला. त्यावर फक्त लिहिलं, "कोकराची तब्येत". परीक्षक दोन होते. एकानं विचारलं, "बाळ, चुका एवढ्या ठळक का लिहिल्यास?" मी म्हटलं, "आज्जीनं सांगितलं." दुसऱ्यानं विचारलं, "आणि हा भाग रिकामा का?" मी म्हटलं, अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, निष्कर्षाशिवाय गुण कसे देणार? नंबर आला नाही. पहिला नंबर ज्वालामुखीला आला. त्यातून लाल फेस येतो, पण त्याचा उपयोग काही नाही.

मिरजेच्या बाजूच्या एक बाई मात्र उभ्या राहून सगळं उतरवून घेऊन गेल्या. त्यांच्या शेळ्या आहेत. त्यांनी पण विचारलं, जगलं का?

आज्जी, जे असेल ते लिही. हे पत्र मी टपालानं पाठवते आहे, आणि एक पप्पांच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर. दोन्हींत हेच लिहिलंय.

तुझी पल्लवी


मळ्यातनं
१४ जानेवारी १९९७

पल्लवे,

तुझं टेम्पोवालं पत्र काल घावलं. आकाराम आठ दिस जतच्या गाडीवर व्हता. त्याच्यावाचून माझं सगळं टपाल बंद. दोन पत्रं लिवून फळीवर ठिवल्यात, ती बी यासंगं देती. त्यात काय न्हाई, नुसतं प्यालं, न्हाई प्यालं, प्यालं, न्हाई प्यालं.

आजचं सांगती. सकाळी उठले, संक्रांत म्हनून तीळ भाजायचं व्हतं, पर आदी चुना भिजवला. रोजच्यावानी. गाल लावला, धा मोजलं, बरोबर झालतं. घोंगडं उचललं आनि कोकरू माचीवर ठिवाय गेले तर ते बसंना. ठिवलं, उठलं. परत ठिवलं, परत उठलं. मी दाबून धरलं तर त्यानं माझ्या हातावर लाथ हानली. अगं, खरी लाथ! खूर लागला. मग टुनदिशी डालग्याभाईर उडी मारली, शेळीखाली गेलं आनि तिच्या आचळाला जाऊन धडकलं. शेळीनं दोनदा झटकलं. तिसऱ्यांदा उभी ऱ्हायली. बाटलीला शिवलं बी न्हाई दिसभर.

मी डबा धरून तशीच उभी. एवढी चांगली तापलेली वाळू, आनि शेकायला कोन न्हाई. म्हनलं, आता हिचं काय करायचं?

तुझा आज्जा कवाचा दारात बसलाय, ज्वारीकडं बघतोय आसं दावतोय. म्हनला, "वाया कशाला घालवतीस? आन हिकडं." डबा घ्येतला, दोन्ही पाय लुगड्याच्या चुंबळीवर ठिवून डब्याला टेकवलं, आनि डोळं मिटलं. मी तीळ भाजून आले तरी उठला न्हाई. म्हनलं, "गार झाला आसंल आता." तर डोळं न उघडता म्हनतो कसा, "व्हय. उद्या जरा लवकर भिजव."

आज्जी